नोंद सापडली, पण 'बाबू वलद रामा' आपलाच पणजोबा कशावरून? वंशावळ जुळवताना नेमकं काय तपासतात?

व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येते. गावाचं नाव, खाली जुन्या नोंदींची यादी. यादीत एक ओळ असते: 'बाबू वलद रामा, कुणबी'. घरात आनंद होतो. आजोबांच्या वडिलांचं नाव बाबूच होतं, मग नोंद आपलीच! पण दुसऱ्या दिवशी कळतं की भावकीतल्या आणखी दोन घरांनी तीच ओळ आपली म्हणून धरली आहे. त्यांच्याही पणजोबांचं नाव बाबू.

मग हा बाबू नक्की कुणाचा?

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात आणि एकूणच मराठवाड्यात २०२३ पासून हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातोय. जुनी नोंद सापडणं हा निम्मा प्रवास. नोंदीतला माणूस आणि आज अर्ज करणारा माणूस यांच्यात बाप-लेकाची साखळी कुठेही न तुटता जोडून दाखवणं हा उरलेला निम्मा, आणि तोच जास्त अवघड. ही साखळी कशी जोडतात, ती कुठे तुटते आणि कोणता पुरावा किती वजनाचा असतो, ते समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का आला?

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं. त्यानंतर ७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या मराठा समाजातील व्यक्तींना निजामकालीन पुराव्यांच्या आधारे कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा प्रमाणपत्र कसं द्यायचं, याची पद्धत ठरवणं हे तिचं काम.

समितीच्या पहिल्या अहवालावेळी सरकारने सांगितलं की पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले, त्यात ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. १ नोव्हेंबर २०२३ रोजी धाराशिवमध्ये या प्रक्रियेतलं प्रमाणपत्र दिलं गेलं आणि जिल्हा चर्चेत आला. पुढे शोध राज्यभर वाढला आणि नोंदींचा आकडा ५४ लाखांच्या पुढे गेल्याचं सरकारने जाहीर केलं. मात्र त्यात मराठवाड्याचा वाटा तुलनेने लहानच राहिला.

त्यानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय आला. या निर्णयाला ओबीसी संघटनांनी उच्च न्यायालयात आव्हानही दिलं. आरक्षणाचा तो वाद वेगळा आहे. पण कोणाची बाजू काहीही असो, प्रत्येक अर्जात एक प्रश्न समान असतो: कागदावरचा पूर्वज तुमचाच, हे कसं ठरलं?

गॅझेटियरमध्ये आपलं नाव सापडेल का?

नाही. सोशल मीडियावर सगळ्यात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाचं माहितीपुस्तक. त्यात पिकं, बाजार, नद्या, लोकसंख्या आणि जातनिहाय आकडे असतात. कोणत्या भागात किती कुणबी होते हे त्यातून कळतं. पण त्यातला एक बाबू कोण, हे कळत नाही.

जनगणनेचंही तसंच. इंग्लंड-अमेरिकेत ठरावीक वर्षांनी जुन्या जनगणनेचे घरनिहाय कागद लोकांसाठी खुले होतात. तिथे वंशावळ शोधणाऱ्यांचा तो मोठा आधार असतो. आपल्याकडे जनगणनेची व्यक्तिगत माहिती अशी खुली होत नाही.

म्हणून माणूस शोधायचा तर माणसाचं नाव असलेला कागदच लागतो.

मग नावं कुठे सापडतात?

जमीन, जन्म-मृत्यू, शाळा, व्यवहार आणि पोलीस अशा पाच ठिकाणी मुख्यतः शोध घेतला जातो.

जमिनीच्या कागदांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शेतवार पत्रक, कुळ नोंदवही आणि फेरफार येतात. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक फार महत्त्वाचं, कारण निजाम राजवट संपल्यानंतर लगेचच्या काळात कोणत्या सर्व्हे नंबरवर कोण होतं हे त्यात दिसतं. जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये असते. शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर असतं. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखतं, बटईपत्रं, मृत्युपत्रं आणि दत्तकपत्रं असतात. समितीने तर कारागृहाची आणि पोलिसांची जुनी रजिस्टरंही पुराव्यांच्या यादीत घेतली. कारण शंभर वर्षांपूर्वी एखाद्याचा पंचनामा झाला असेल, तर त्यात त्याचं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव असे चारही तपशील मिळू शकतात.

कळंबचे कागद वेगळे का?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत कळंब हैदराबाद संस्थानात होतं. शेजारची बार्शी मात्र इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. दोन्ही तालुक्यांत सोयरीक, बाजार, येणं-जाणं रोजचं. पण कागदांचं जग पूर्ण वेगळं. बार्शीकडे मोडी, मराठी आणि इसवी सन. कळंबकडे उर्दू, काही ठिकाणी मोडी, आणि फसली सन.

इथे तीन ठिकाणी माणूस चुकतो.

पहिली चूक तारखेची. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन, खुर्दाद, मेहेर अशी इराणी पद्धतीची होती. फसली सनात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं इसवी सन येतं. जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे 'खुर्दाद १३३८' हा साधारण एप्रिल १९२९. या हिशोबात चूक झाली की मुलगा बापाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी जन्मल्यासारखं दिसू शकतं!

दुसरी चूक लिपीची. उर्दूत 'बाबू' आणि 'बापू' यांत फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. घाईने लिहिणारा कारकून टिंबं गाळायचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलं जात नाही आणि दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. त्यामुळे यादीतलं देवनागरी नाव हे कुणीतरी केलेलं वाचन असतं, मूळ नोंद नव्हे. शंका असेल तर मूळ पानाची नक्कल काढून जाणकाराकडून पुन्हा वाचून घ्यावी लागते.

तिसरी चूक नात्याच्या शब्दांची. 'वलद' म्हणजे 'चा मुलगा'. बार्शीकडच्या कागदात त्याच जागी 'बिन' दिसतं. 'जौजे' म्हणजे पत्नी, 'बेवा' म्हणजे विधवा. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असं दिसलं तर तो अज्ञान पालनकर्ता, म्हणजे लहान मुलाच्या वतीने जमीन सांभाळणारा. तो बहुधा चुलता, मामा किंवा आई असते. अनेक वंशावळींत हाच पालनकर्ता पुढे बाप म्हणून लिहिला जातो आणि अख्खी शाखा चुकीच्या फांदीवर जाते. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो बाप असेलच असं नाही; थोरला भाऊही असतो.

आडनाव जुळलं तर पुरेसं नाही का?

जुन्या नोंदींत आडनाव बहुतेक वेळा नसतंच. माणूस, त्याचा बाप आणि गाव, एवढ्यावर ओळख भागायची. आडनावं पुढे शाळेत नाव घालताना आणि सरकारी कामात पक्की झाली. कुणी मूळ गावावरून लावलं, कुणी पाटीलकीवरून, तर सख्ख्या भावांच्या दोन घरांनी दोन आडनावं लावल्याचीही उदाहरणं गावोगाव आहेत.

उलटही खरं. एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असली तरी ती सगळी एका पूर्वजाची असतात असं नाही. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. म्हणून 'रामा-बाबू-रामा-बाबू' अशी साखळी एकाच घरात दोनदा आणि शेजारच्या घरात तिसऱ्यांदा सापडते.

एक उदाहरण घेऊन पाहूया

समजा, कळंब तालुक्यातल्या एका गावातली मुलगी अर्ज करते आहे. (नावं आणि आकडे फक्त समजण्यासाठी.) तिच्या वडिलांचं नाव ज्ञानोबा, आजोबा दगडू, पणजोबा बाबू. सापडलेली नोंद गाव नमुना १४ मधली: 'खुर्दाद १३३८ फसली, बाबू वलद रामा, कुणबी, मुलगा'. बाळाचं नाव नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालं नव्हतं. जुन्या जन्मनोंदींत हे नेहमी दिसतं.

गावात तेव्हा दोन बाबू वलद रामा होते. आता काय करायचं?

सुरुवात जुन्या कागदापासून न करता आजच्या सातबाऱ्यापासून करायची. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. जमीन एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला, हे एकत्रीकरणाच्या पत्रकात, म्हणजे ९(३)-९(४) च्या उताऱ्यात मिळतं. समजा, या कुटुंबाच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर ४१ निघाला.

मग सर्व्हे नंबर ४१ चे फेरफार मागे मागे वाचत जायचे. १९६१ चा वारस फेरफार सापडतो: 'बाबू रामा मयत, वारस मुलगा दगडू वय ३२, मुलगा किसन वय २७, पत्नी सखूबाई'. १९६१ मधून ३२ वजा केले की १९२९. म्हणजे दगडूचं वय जन्मनोंदीशी जुळतं. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात याच सर्व्हे नंबरवर 'बाबू वलद रामा' आहे. साखळीचा एक सांधा पक्का झाला.

पण काम संपलं नाही. आता दुसऱ्या बाबूला तपासायचं, सर्व्हे नंबर ८७ वाल्याला. त्याच्या नावाचं १९३९ चं दत्तकपत्र निबंधक कार्यालयात मिळतं. त्यात आपल्याला पुत्र नाही म्हणून भावकीतला मुलगा दत्तक घेतो, असं लिहिलंय. शिवाय दत्तकपत्रात आजोबाचं नावही असतं: 'बाबू वलद रामा वलद खंडू'. इकडे सर्व्हे नंबर ४१ च्या एका जुन्या खरेदीखतात 'बाबू वलद रामा वलद सटवा' असं सापडतं. म्हणजे दोघं वेगळे, हे तीन पिढ्यांच्या नावांनी स्पष्ट झालं.

तरी एक शक्यता उरते. दुसऱ्या बाबूला १९२९ मध्ये मुलगा झाला आणि लहानपणीच वारला असेल तर? त्या काळात बालमृत्यू फार होते. म्हणून १९२९ ते १९३९ मधल्या मृत्यूनोंदी पाहायच्या. तिथे तसं काही नसेल, तर नोंद दगडूचीच असण्याची बाजू भक्कम होते. दगडूच्या शाळेच्या नोंदीत जन्म १९३० चा दिसला तरी घाबरायचं कारण नाही. मास्तर अंदाजाने तारीख घालत, त्यामुळे एक-दोन वर्षांचा फरक नेहमीचा. दहा वर्षांचा फरक मात्र थांबून विचार करायला लावणारा.

यातला एकही कागद एकट्याने प्रश्न सोडवत नाही. चार-पाच कागद एकाच दिशेने बोट दाखवतात आणि दुसऱ्या दिशेची शक्यता तपासून बाजूला करता येते, तेव्हा उत्तर मिळतं.

अमेरिकेतही हाच गुंता

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांचे वंशज आज पूर्वज शोधतात, तेव्हा त्यांच्यासमोरही असाच 'बाबू वलद रामा' उभा राहतो. फक्त त्याचं नाव जॉन किंवा विल्यम असतं. त्या काळच्या कागदांत 'ज्युनिअर' आणि 'सीनिअर' हे नेहमी बाप-लेकच असत असं नाही. एका गावात एकाच नावाचे दोन पुरुष असले की वयाने लहान तो ज्युनिअर, मग नातं असो वा नसो. 'कझिन' हा शब्द पुतण्या-भाच्यासाठीही वापरायचे आणि 'मदर-इन-लॉ' म्हणजे कधी कधी सावत्र आई.

तिथल्या अभ्यासकांनी काढलेला एक मार्ग इथेही उपयोगी पडतो. माणूस नीट सापडत नसेल तर त्याच्या आजूबाजूची माणसं शोधा: शेजारी, साक्षीदार, सोयरे. आपल्याकडे खरेदीखतावर साक्षीदार कोण, बांधाला लागून कुणाची जमीन, दत्तकपत्रावर सही कुणाची, हे पाहिलं की दोन बाबूंमधला आपला कोणता हे बऱ्याचदा उलगडतं.

डीएनए चाचणीने प्रश्न सुटेल का?

फार थोडा. पुरुषांकडून पुरुषांकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या चाचणीने दोन पुरुष एकाच पितृवंशातले आहेत का, हे कळू शकतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्या गुलामगिरीत असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचा वाद दोनशे वर्षं चालला. १९९८ मध्ये चाचणी झाली. तिने सिद्ध झालं की सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजात जेफरसन घराण्याचं वाय गुणसूत्र आहे. पण घराण्यातला नेमका कोणता पुरुष, हे चाचणीने सांगितलं नाही. त्यासाठी जेफरसन कधी घरी होते, मुलं कधी जन्मली, अशा कागदोपत्री नोंदीच जुळवाव्या लागल्या.

इथेही तसंच. दोन्ही बाबू एकाच भावकीतले असतील तर चाचणीत दोघांचं गुणसूत्र सारखंच येणार. आणि जात ही रक्तात मोजता येणारी गोष्ट नाही, ती कागदावरची आणि समाजातली नोंद आहे.

साखळी कुठे कुठे तुटते?

दत्तक हे पहिलं ठिकाण. दत्तक गेलेल्या मुलाचं नाव दत्तक बापासोबत लागतं. दत्तकपत्र सापडलं नाही तर एकच माणूस दोन बापांचा दिसतो.

दुसरं, पाटाचं लग्न. शेतकरी समाजात विधवेचा पाट लागायचा. पहिल्या नवऱ्याचं लहान मूल आईसोबत नव्या घरी जायचं आणि काही नोंदींत सावत्र बापाचं नाव लागायचं.

तिसरं, घरजावई. सासऱ्याच्या जमिनीवर नाव लागलं की पुढच्या पिढीला तो मुलगाच वाटतो.

चौथं, स्थलांतर. रझाकारांच्या काळात सीमेवरच्या गावांतली कुटुंबं बार्शी-सोलापूरकडे आश्रयाला गेली. १९७२ च्या दुष्काळातही माणसं हलली. कळंबच्या मुलाचा शाळेचा दाखला बार्शी तालुक्यात सापडू शकतो.

पाचवं, भूमिहीन घरं. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचा फेरफार कुठून येणार? त्यांच्यासाठी जन्म-मृत्यू, शाळा आणि बटईपत्र एवढेच आधार उरतात. २०२५ च्या शासन निर्णयात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि गावपातळीवरच्या समितीची चौकशी आहे, ती या अडचणीमुळेच.

म्हातारी माणसं आणि तीर्थक्षेत्रातल्या वह्या

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. विधीला आलेला माणूस गाव, बाप, आजोबा, भाऊ, मुलं अशी नावं लिहून जातो. पिढ्यांची साखळी शोधायला अशा वह्या अत्यंत मोलाच्या, कारण त्यात नातं सांगणारा स्वतः घरचाच असतो. सोलापूर-कोल्हापूरकडे हेळवी समाजाचे लोकही पिढ्यानपिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळत आलेत.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाही विसरू नका. कागदात बायकांची नावं फारशी नसतात, वंशावळ पुरुषांचीच मांडली जाते. पण कोण कुणाच्या घरी दत्तक गेलं, कुणाचा पाट लागला, सखूबाईचं माहेर कोणतं, हे आजीलाच माहीत असतं. तिचं सांगणं अंतिम पुरावा नसेल, पण कोणता कागद कुठे शोधायचा हे त्यातून कळतं.

कायदा काय म्हणतो?

जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. महाराष्ट्रात यासाठी २००० चा जात प्रमाणपत्र अधिनियम आणि २०१२ चे नियम आहेत. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात; मग पडताळणी समिती ते तपासते आणि गरज पडल्यास दक्षता पथक गावात येऊन चौकशी करतं. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही महत्त्वाची तारीख. त्याआधीचा पुरावा लागतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना जास्त वजन असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल तर तोही भक्कम आधार असतो, पण ते नातं सिद्ध व्हावं लागतं.

वंशावळ जुळवायला मदत म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तालुका पातळीवर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्याही नेमल्या गेल्या.

आणि एक इशारा. खोटी माहिती देऊन प्रमाणपत्र घेतल्यास ते रद्द होतं, मिळालेले लाभ परत जातात आणि सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुसऱ्याच्या बाबूला आपला म्हणून लावलेली वंशावळ नोकरीत दहा वर्षं झाल्यावरही उघडी पडू शकते.

थोडक्यात, काय करायचं?

• यादीतलं नाव पाहून लगेच अर्ज करू नका. आधी मूळ पानाची प्रमाणित नक्कल काढा.
• आजपासून मागे जा: सातबारा, फेरफार, खासरा पत्रक आणि मग जुनी नोंद.
• प्रत्येक पिढीसाठी बाप-लेक नातं दाखवणारा किमान एक स्वतंत्र कागद ठेवा.
• फसली सन इसवी सनात बदलून वयाचा ताळा करा.
• त्याच नावाची आणखी माणसं गावात होती का, हे स्वतःहून तपासा.
• भावकीतल्या घरांनी एकत्र बसून एकच वंशावळ तयार करा. तीन घरांनी तीन वेगवेगळ्या वंशावळी दिल्या, तर समितीला तिन्हींवर शंका येते.

शेवटचा मुद्दा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. भावकीतली तीन घरं एकाच नोंदीवर हक्क सांगतात, तेव्हा त्यातलं एकच खरं असेल असं नाही. नोंद दगडूच्या जन्माची असेल आणि तिन्ही घरं बाबूच्याच पोटची असतील, तर बाबूची ती नोंद तिघांच्याही कामाची आहे. भांडण्याआधी एका कागदावर सगळ्यांची झाडं काढून पाहिलेली बरी.